वाचकांचे प्रश्न : बंदूक बाळगायची सक्ती, बंदुकीची दारू साठवायला मर्यादा

मागच्या अंकात अमेरिकेच्या दुसऱ्या घटनादुरुस्तीवर एक छोटी चौकट छापली होती. १५ डिसेंबर १७९१ रोजी मंजुरी पूर्ण झालेल्या या कलमात मूळचे अवघे २७ शब्द आहेत. आशय असा : स्वतंत्र राज्याच्या सुरक्षिततेसाठी सुव्यवस्थित मिलिशिया आवश्यक असल्यामुळे, शस्त्रे बाळगण्याच्या आणि धारण करण्याच्या लोकांच्या हक्कावर अतिक्रमण होणार नाही. मिलिशिया म्हणजे पगारी सैन्य नव्हे. गावातल्या शेतकरी-कारागिरांची, गरज पडली की उभी राहणारी फौज. चौकट वाचून सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून बरीच पत्रे आली. ‘म्हणजे त्या काळी शस्त्रांवर तिकडे कायदाच नव्हता’ असा सूर बहुतेक पत्रांत आहे. कायदे होते, भरपूर होते. ते समजून घेताना त्या काळची बंदूक कशी चालायची हे मात्र डोळ्यांसमोर ठेवावे लागते.

प्रश्न : १७९२ च्या कायद्याने प्रत्येकाला बंदूक घेणे सक्तीचे केले असे वाचले. नेमके काय काय घ्यावे लागे आणि पैसे कोण देई? वर्गात सांगायचे आहे, तेव्हा आकडे द्यावेत. (इतिहास शिक्षिका, कराड)

कायदा ८ मे १७९२ चा. १८ वर्षे पूर्ण झालेल्या आणि ४५ च्या आतल्या प्रत्येक धडधाकट, स्वतंत्र, गोऱ्या पुरुष नागरिकाचे नाव त्या भागातल्या मिलिशिया तुकडीचा कॅप्टन यादीत घाली. तेव्हापासून सहा महिन्यांत त्याने स्वतःच्या खर्चाने पुढील सामान जमवायचे : एक चांगली मस्केट (आतून गुळगुळीत नळीची, तोंडाकडून ठासायची लांब बंदूक), संगीन आणि तिचा पट्टा, ठिणगी पाडायच्या गारेचे दोन जादा तुकडे, पाठीवरची पिशवी, आणि किमान २४ काडतुसे मावतील अशी पेटी असलेली थैली. काडतुसे त्याच्याच बंदुकीच्या नळीला बसणारी हवीत, प्रत्येकात दारू आणि गोळी योग्य प्रमाणात हवी. मस्केटऐवजी रायफल, म्हणजे नळीत आतून पिळाच्या खाचा असलेली बंदूक, असेल तर थैली, दारूचे शिंग, २० गोळ्या आणि पाव पौंड दारू.

हे आकडे कुठून आले ते वर्गात जरूर सांगा, मुलांना त्यातच गोडी वाटेल. पाव पौंड म्हणजे सुमारे ११३ ग्रॅम. २० बारांना वाटली तर प्रत्येकी साडेपाच ग्रॅमच्या वर येते. नळीतला बार आणि तो पेटवायला बाहेर वाटीत टाकायची चिमूटभर दारू, म्हणजे रंजक, धरून रायफलला एवढी लागतेच. म्हणजे मागितले ते नेमके वीस बारांचे सामान, एक चिमूटही जास्त नाही. मस्केटची गोष्ट वेगळी. कागदी काडतूस दातांनी फोडायचे, चिमूटभर दारू रंजकाच्या वाटीत टाकून वाटी बंद करायची, बंदूक उभी धरून उरलेली दारू नळीत ओतायची, गोळी कागदासकट आत सोडायची आणि गजाने ठासायची. मग घोडा पूर्ण मागे ओढून चाप दाबायचा. सरावातला शिपाई मिनिटाला तीन बार काढी. त्या हिशेबाने २४ काडतुसे आठ मिनिटांत संपत.

गार जादा का, तर पोलादी पट्टीवर आपटून आपटून तिची धार वीस-तीस बारांत बोथट होते. मग ठिणगी पडत नाही, किंवा पडली तरी रंजक पेट घेत नाही. दुसरी अडचण नळीच्या मुळाशी असलेल्या छिद्राची. जळक्या दारूची काजळी तिथे साचली की रंजक उडते, पण आतला बार होत नाही. १८ जुलै १७७५ रोजी काँग्रेसने, म्हणजे इंग्रजांविरुद्ध उठलेल्या अमेरिकन वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेने, त्या वसाहतींना जी यादी सुचवली, तिच्यात म्हणूनच छिद्र साफ करायची तार आणि ब्रश आहेत. त्या यादीत वयोमर्यादा १६ ते ५० होती. संगीन, पोलादी गज, गजाला लावायचा मळसूत्री आकडा, तलवार किंवा टॉमहॉक नावाची छोटी कुऱ्हाड, २३ काडतुसांची पेटी आणि गारेचे तब्बल १२ तुकडे मागितले होते. शिवाय एक पौंड दारू आणि चार पौंड गोळ्या. युद्ध सुरू झालेले होते, तेव्हाची ही यादी. १७९२ ची शांततेतली, म्हणून आखूड.

नळीच्या मापाकडे सहसा कुणी पाहत नाही, पण आमच्या मते कायद्यातला सर्वांत विचारपूर्वक घातलेला भाग तोच. पाच वर्षांनंतर सर्व मस्केटची नळी एका पौंडात अठरा बसतील अशा गोळ्यांना पुरेल एवढी असावी, असे कलम होते. एका गोळीचे वजन सुमारे २५ ग्रॅम, व्यास १६ मिलिमीटरच्या किंचित वर. १७७५ मध्ये गोंधळ असा की कुणाकडे पाऊण इंच, म्हणजे १९ मिलिमीटर नळीची इंग्रजी घडणीची बंदूक, कुणाकडे साडेसतरा मिलिमीटरची फ्रेंच, तर कुणाकडे घरातली शिकारीची. गोळी मोठी असेल तर ती नळीत उतरतच नाही. फार लहान असेल तर दारूचा जोर बाजूने निघून जातो आणि गोळी भलतीकडे जाते. थोडी सैल मात्र हवीच, कारण काही बारांनंतर काजळीने नळी अरुंद होते आणि घट्ट गोळी मध्येच अडकते. पौंडाला अठरा हे माप फ्रेंच नळीत एक-सव्वा मिलिमीटर मोकळीक ठेवते. युद्धात फ्रान्सकडून आलेल्या बंदुकांचा हा थेट परिणाम. स्प्रिंगफील्डच्या सरकारी कारखान्यातली १७९५ ची मस्केटही फ्रेंच नमुन्यावरच बेतलेली आहे.

पैसे ज्याचे त्याचे. पण गरिबावरचा भार ओळखून एक सवलत होती : या कायद्याखाली घेतलेली शस्त्रे आणि सामान कर्जासाठी किंवा करासाठी जप्त करता येत नसे. आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० ने शेतकऱ्याची अवजारे, बैल आणि बियाणे जप्तीतून वाचतात, त्याच धर्तीचा हा विचार आहे.

कायद्याचा कच्चा दुवा असा की बंदूक न घेणाऱ्याला शिक्षा काय, हे केंद्राच्या या कायद्यात लिहिलेलेच नाही. दंड ठरवणे आणि वसूल करणे राज्यांवर सोडले. काही राज्यांनी ते नेटाने केले, काहींनी नाही. कवायतीला लोक मोडक्या बंदुका घेऊन किंवा हात हलवत येत, ही तक्रार पुढे कित्येक वर्षे चालू राहिली.

प्रश्न : बोस्टनमध्ये भरलेली बंदूक घरात ठेवायला बंदी होती म्हणे. मग घरात शस्त्र बाळगण्याचा हक्क कसला? (वाचक, सांगली)

बंदी होती आणि कडक होती. मॅसॅच्युसेट्सचा १ मार्च १७८३ चा कायदा फक्त बोस्टन शहरासाठी होता. घर, तबेला, धान्याचे कोठार, गोदाम, दुकान अशा कोणत्याही इमारतीत दारू भरलेली तोफ किंवा बंदूक नेली तर १० पौंड दंड. शिवाय ते शस्त्र जप्त होऊन जाहीर लिलावात निघे. दारू भरलेले लोखंडी बाँब आणि हातगोळेही त्यातच.

कारण कायद्यानेच सांगितले आहे : आग लागल्यावर विझवायला धावणाऱ्यांच्या जिवाला अशा शस्त्रांपासून धोका असतो. हे कारण वरवरचे नव्हते. मार्च १७६० च्या आगीत बोस्टनच्या साडेतीनशेच्या आसपास इमारती जळाल्या होत्या. घरे लाकडी, गल्ल्या अरुंद, आणि विझवणारे म्हणजे शेजारीपाजारी. भिंतीवर टांगलेली भरलेली मस्केट तापली की आपोआप उडते आणि नळीच्या समोर जो असेल त्याला गोळी लागते.

लोक बंदूक भरून का ठेवत, याचेही उत्तर तिच्या रचनेत आहे. ठासणीची बंदूक एकदा भरली की रिकामी करण्याचे दोनच मार्ग : हवेत बार काढणे, किंवा गजाला मळसूत्री आकडा लावून गोळी उपसून काढणे आणि दारू झटकणे. दुसरे काम वेळखाऊ आणि धोक्याचे. म्हणून शिकारीहून किंवा कवायतीहून आलेला माणूस कंटाळा करी आणि बंदूक तशीच खुंटीला टांगी. कायद्याचा रोख या सवयीवर आहे. रिकामी बंदूक घरात ठेवायला बोस्टनमध्ये मनाई नव्हती.

सुट्या दारूवर न्यूयॉर्क शहराचा १७८४ चा कायदा पाहा. एका जागी २८ पौंडांपेक्षा जास्त, म्हणजे पावणेतेरा किलोंहून अधिक दारू ठेवायची नाही. तीही चार दगडी बरण्यांत किंवा पत्र्याच्या डब्यांत विभागून, एकेकात सात पौंडांच्या वर नाही. लाकडी पिंप का चालत नसे, तर त्याच्या फटींतून दारूची भुकटी सांडत राहते आणि जमिनीवरच्या त्या रेघेवर पडलेली एक ठिणगी थेट पिंपापर्यंत पोचते. विभागणीचा फायदा उघड आहे. एक डबा पेटला तर बाकीचे उचलून बाहेर नेता येतात. जास्तीचा साठा असेल तर तो दारूकोठारात ठेवायचा.

बोस्टनच्या कायद्यावरून २००८ च्या हेलर खटल्यात (तो राजधानी वॉशिंग्टनमधल्या पिस्तूलबंदीविरुद्ध होता) अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात दोन तट पडले. बहुमताने म्हटले की हे आगीपासून बचावाचे नियम आहेत, पिस्तूल बाळगायला सरसकट बंदी घालण्याशी त्यांची तुलना होत नाही. अल्पमतातल्या न्यायमूर्तींचा मुद्दा असा की भरलेली बंदूकच घरात नको म्हटल्यावर घरातल्या स्वसंरक्षणावर मर्यादा आलीच, आणि ती त्या पिढीला मान्य होती. आम्हाला दुसरा मुद्दा तितक्या सहज झटकण्यासारखा वाटत नाही.

प्रश्न : इंग्रजांनी १८७८ चा शस्त्र कायदा करून आपल्याला निःशस्त्र केले. अमेरिकनांचे बंडही शस्त्रे काढून घेतल्यामुळेच पेटले का? (वाचक, कुंडल)

तुलना अर्धी जुळते. अमेरिकेत इंग्रजांनी घराघरांतून परवाना मागणारा कायदा केला नाही. त्यांनी आधी पुरवठा तोडला : १९ ऑक्टोबर १७७४ च्या राजाज्ञेने ब्रिटनमधून वसाहतींकडे शस्त्रे आणि दारू नेण्यास बंदी घातली. दुसरीकडे कोठारांतली दारू उचलायला सुरुवात केली. १ सप्टेंबर १७७४ च्या पहाटे मॅसॅच्युसेट्सचा ब्रिटिश गव्हर्नर जनरल गेज याच्या शिपायांनी बोस्टनजवळच्या कोठारातून २५० अर्धपिंपे नेली. डिसेंबरमध्ये न्यू हॅम्पशायरच्या लोकांनी किल्ल्यावर चालून जाऊन राजाची दारू पळवली. १९ एप्रिल १७७५ रोजी काँकर्डकडे निघालेली फौजही साठाच नष्ट करायला निघाली होती. दोनच दिवसांनी व्हर्जिनियात तिथला ब्रिटिश गव्हर्नर लॉर्ड डनमोर याने विल्यम्सबर्गच्या कोठारातून रातोरात १५ अर्धपिंपे हलवली. सगळी ओढाताण दारूवर झाली, कारण बंदूक गावचा लोहार दुरुस्त करू शके, दारू मात्र वसाहतींत फारशी बनतच नव्हती.

घरातली शस्त्रे गोळा झाली ती बोस्टनमध्ये, एप्रिल १७७५ अखेर. शहर सोडायचे असेल तर शस्त्रे जमा करा, असा करार गेजने केला. नागरिकांनी फॅन्युअल हॉलमध्ये १,७७८ बंदुका, ६३४ पिस्तुले, ९७३ संगिनी आणि ३८ आखूड रुंदतोंडी बंदुका आणून दिल्या. नंतर बाहेर जाण्याची परवानगी गेजने आखडती घेतली. हा विश्वासघात लोक विसरले नाहीत.

पण नाण्याची दुसरी बाजू सांगितलीच पाहिजे. १४ मार्च १७७६ रोजी अमेरिकन काँग्रेसनेच वसाहतींना शिफारस केली की जे उघडपणे आपल्या बाजूचे नाहीत, किंवा शस्त्र घेऊन साथ देण्याचे नाकारतात, त्यांना निःशस्त्र करा. पेनसिल्व्हेनियाने १३ जून १७७७ च्या कायद्याने १८ वर्षांवरील गोऱ्या पुरुषांना निष्ठेची शपथ घ्यायला लावली. नकार देणाऱ्याची शस्त्रे जिल्ह्याचा लष्करी अधिकारी ताब्यात घेई. व्हर्जिनियाचा त्याच वर्षीचा कायदा तसाच. गुलामांना आणि बहुतेक ठिकाणी स्वतंत्र काळ्या लोकांनाही शस्त्राचा हक्क नव्हता किंवा तो अत्यंत आक्रसलेला होता. दक्षिणेत तर गुलामांच्या झोपड्यांची झडती घ्यायला गस्ती पथके फिरत. हक्काची भाषा मोठी होती, पण ‘लोक’ या शब्दात कोण बसते ते राज्यकर्ते ठरवत. हे वगळून त्या काळाचे गोडवे गाणे आम्हाला मान्य नाही.

प्रश्न : ज्यांच्या धर्मात शस्त्र धरणे बसत नाही त्यांचे काय? (वाचक, तासगाव)

पेनसिल्व्हेनियात क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथाची वस्ती मोठी. तिथल्या १७७६ च्या संविधानाने म्हटले की ज्याची सदसद्विवेकबुद्धी शस्त्र धरू देत नाही त्याला सक्ती करू नये, मात्र त्याने त्याबदली पैसे भरावेत. अनेक क्वेकरांनी तेही नाकारले, कारण युद्धासाठी पैसा देणे त्यांच्या लेखी युद्धच. मग त्यांच्या घरातल्या वस्तूंवर जप्ती येई.

प्रश्न : वसाहतींत दारू बनत नव्हती असे का? सोरा आपल्या देशातून जात होता हे खरे का? (रसायनशास्त्राचा विद्यार्थी, मिरज)

खरे आहे. दारूत वजनाने तीन चतुर्थांश सोरा, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, असतो, उरलेल्यात कोळसा आणि गंधक. ब्रिटनला सोऱ्याचा मुख्य पुरवठा ईस्ट इंडिया कंपनीमार्फत बिहारमधून होई. पाटण्याच्या आसपासच्या गावांतली माती, उष्ण हवा आणि पावसाळ्यानंतरचा लांब कोरडा काळ यामुळे जमिनीवर सोऱ्याचा पांढरा थर फुलतो. तो गोळा करणारी नुनिया जात पिढ्यानपिढ्या हेच काम करी. व्यापार ब्रिटनच्या हाती, त्यामुळे तो थांबताच अमेरिकनांची कोंडी झाली.

काँग्रेसने १७७५ मध्ये घरोघरी सोरा काढण्याच्या कृती छापून वाटल्या. मार्ग जुनाच : तबेल्याखालची, तंबाखूच्या कोठारांतली माती पाण्याने धुऊन घ्यायची, ते पाणी लाकडाच्या राखेतून गाळायचे, आटवायचे आणि थंड करून खडे मिळवायचे. तुम्ही रसायनशास्त्राचे विद्यार्थी, म्हणून चुका कुठे होत ते सांगतो. मातीतला बराचसा नायट्रेट कॅल्शियमच्या रूपात असतो आणि तो हवेतली ओल ओढतो. राखेतल्या पोटॅशियम कार्बोनेटमुळे कॅल्शियम चुनखडीच्या रूपात खाली बसते आणि पोटॅशियम नायट्रेट पाण्यात उरते. राख कमी पडली की दारू दमट राहते आणि ऐन वेळी फुसकी निघते. दुसरी चूक मिठाची. गरम पाण्यात सोरा भरपूर विरघळतो आणि गार पाण्यात फार थोडा. मिठाचे तसे नाही, त्याची विद्राव्यता दोन्हीकडे जवळपास सारखीच. म्हणून आटवताना मीठ आधी तळाशी बसते. ते वेळीच काढले नाही तर सोऱ्यात मिसळते आणि पुन्हा दमटपणाच येतो.

घरगुती प्रयत्नांतून माल निघाला, पण थोडा. युद्धाच्या पहिल्या अडीच वर्षांत वापरलेल्या दारूचा फार मोठा हिस्सा परदेशातून आलेला, किंवा आयात सोऱ्यापासून बनवलेला होता. फ्रान्सने नाटककार बोमार्शे यांच्या नावापुरत्या व्यापारी कंपनीआडून असा माल पुरवला. दर्जाचा प्रश्न इतका गंभीर झाला की न्यू जर्सीने डिसेंबर १७७६ मध्ये, खुद्द त्या राज्यात लढाई चालू असताना, दारूच्या तपासणीचा कायदा केला. नेमलेल्या तपासनिसाने पिंप तपासून खूण केल्याशिवाय दारू विकायची नाही. ग्राहकहिताचा कायदा म्हणून आजही तो वाचण्यासारखा आहे.

प्रश्न : बाजारात, जत्रेत शस्त्र घेऊन फिरता येई का? (कायद्याची विद्यार्थिनी, वाई)

दहशत बसेल अशा रीतीने नाही. व्हर्जिनियाच्या १७८६ च्या कायद्याने जत्रा, बाजार आणि इतरत्र लोकांना धाक वाटेल असे सशस्त्र फिरणे गुन्हा ठरवले. मॅसॅच्युसेट्सने १७९५ मध्ये तेच केले. दोन्हींचे मूळ इंग्लंडच्या १३२८ च्या कायद्यात. नुसते शस्त्र जवळ असणे आणि दहशत माजवणे यांत फरक होता का, यावर तिकडचे वकील अजून भांडतात. कपड्यांत लपवून शस्त्र नेण्यावरचे कायदे मात्र पुढचे, केंटकी आणि लुइझियानाचे १८१३ चे.

याखेरीज नववर्षाच्या रात्री बंदुका उडवण्याला पेनसिल्व्हेनियाने १७७४ मध्ये बंदी घातली, न्यूयॉर्कनेही घातली. न्यू जर्सीच्या १७७१ च्या कायद्याने दुसऱ्याच्या जमिनीत परवानगीशिवाय बंदूक घेऊन शिरणे दंडपात्र केले, आणि दोरीला पाय लागताच उडणारी सापळ्याची बंदूक लावणेही. तुमच्या अभ्यासासाठी : सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२ च्या ब्रुएन निकालानंतर अमेरिकेत आजचा शस्त्रनियम टिकवायचा तर त्याला ऐतिहासिक परंपरेत आधार दाखवावा लागतो. २०२४ च्या रहिमी निकालाने हुबेहूब जुना कायदा नको, तत्त्व जुळले तरी पुरे, असे स्पष्ट केले. त्यामुळे हे दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वीचे कायदे तिकडच्या न्यायालयांत रोज उघडले जातात.

प्रश्न : वाड्याच्या माळ्यावर जुनी ठासणीची बंदूक सापडली. साताऱ्याच्या संग्रहालयातल्यासारखी दिसते. ती तोड्याची की चकमकीची, आणि पुढे काय करावे? (वाचक, सातारा)

हात न लावता पाहा. घोड्याच्या टोकाला चिमट्यासारखी फट असेल आणि समोर उभी पोलादी पट्टी नसेल तर तोड्याची. त्या फटीत जळती वात धरत. घोड्याच्या जबड्यात स्क्रूने आवळायची सोय आणि समोर पट्टी असेल तर चकमकीची, म्हणजे या पानांवर जिच्याबद्दल लिहिले तीच जात. छिद्राच्या जागी छोटी पोकळ बोंडी असेल तर टोपीची, म्हणजे बोंडीवर स्फोटक टोपी बसवून उडवायची, १९ व्या शतकातली.

ती भरलेली आहे असेच धरून चाला. आतली दारू कोरडी राहिली असेल तर शंभर-दोनशे वर्षांनीही पेटते. घोडा ओढू नका, गंज खरवडू नका, उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नका. जाणकार लाकडी काठी नळीत तळापर्यंत सोडतात, तोंडाशी खूण करतात आणि तीच काठी बाहेरून नळीला लावून पाहतात. टोक छिद्रापर्यंत पोचत नसेल तर आत काहीतरी आहे. ही तपासणी त्यांच्यावरच सोडा.

कायद्याचे सांगायचे तर १९५९ च्या शस्त्र कायद्यातले कलम ४५ जुन्या घडणीच्या किंवा पुराणवस्तूचे मोल असलेल्या शस्त्रांना वगळते. पण अट अशी की दुरुस्ती करूनही ते बंदूक म्हणून वापरता येऊ नये. तुमची बंदूक त्यात बसते की नाही हे तुम्ही ठरवू नका. जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी कळवा, अर्जाला फोटो जोडा, पोच घ्या आणि त्यांचा माणूस येईपर्यंत माळ्याला कुलूप लावून ठेवा.